गोपनीय फोटोंबाबतचे परिपत्रक, परिशिष्टासह

कोणतीही गोष्ट गुप्त ठेवायची असेल, तर ती गुप्त आहे हे आधी सर्वांना नीट कळवावं लागतं. सरकारी कचेऱ्यांना हे तत्त्व फार पूर्वीपासून ठाऊक आहे. म्हणून तर तिथे गोपनीय फायलीवर लाल शाईत ठळक 'गोपनीय' असं लिहितात, म्हणजे कपाटातली कोणती फाईल आधी उघडायची याबद्दल कुणाचा गोंधळ होत नाही.

डॉ. दिनकर चांदोरकर यांनी या तत्त्वावर सदतीस वर्षं नोकरी केली होती. लखनौच्या एका संशोधन संस्थेत ते वाळवलेल्या रोपांच्या संग्रहाचे प्रमुख होते. रोप वर्तमानपत्रात दाबून वाळवायचं, जाड कागदावर चिकटवायचं आणि खालच्या कोपऱ्यात चिठ्ठी लावायची: नाव, ठिकाण, अधिवास, तारीख, संकलक, शेरा. चिठ्ठी नसलेलं रोप म्हणजे नुसतं गवत, असं ते नव्या संशोधकांना सांगत, आणि संशोधक हे वाक्य वहीत उतरवून घेत. निवृत्त झाल्यावर लखनौच्याच महानगर भागातल्या घरी त्यांच्यापाशी वेळ उरला, चिठ्ठ्यांची सवय उरली, रोपं तेवढी उरली नाहीत. अशा अवस्थेत, २०१६च्या उन्हाळ्यात, त्यांना नात झाली.

नात हैदराबादला होती. मुलगी मुक्ता तिकडे नोकरीला. लखनौत वाढल्यामुळे मुक्ताला मराठी सगळं कळे आणि उत्तर ती हिंदीत देई. रोज सकाळी चहाच्या वेळेला ती छोट्या रुचिराचे दोन फोटो पाठवायची. त्या दोन फोटोंसाठी दिनकरराव साडेसहापासून फोन हातात धरून बसत. बाकीचा दिवस त्या फोटोंच्या आधाराने जायचा.

"माझ्याकडे चाळीस वर्षांत असं कधी बघितलं नाहीत," हेमाताई म्हणायच्या. यात तथ्य होतं.

इतका दुर्मीळ नमुना चिठ्ठीशिवाय ठेवणं दिनकररावांना शक्यच नव्हतं. त्यांनी फेसबुकवर अल्बम उघडला आणि प्रत्येक फोटोखाली रीतसर नोंद केली. उदाहरणार्थ: 'रुचिरा. वय चार महिने अकरा दिवस. ठिकाण: हैदराबाद, इमारत क्र. ३, सहावा मजला, पूर्वेकडील बाल्कनी. अधिवास: पाळणा. संकलक: मुक्ता (सकाळी नऊ ते सहा घरी नसते). शेरा: तीन दिवस पोट साफ नाही.' संग्रहशास्त्राच्या दृष्टीने या नोंदीत कसलीही उणीव नव्हती. (घरफोडीच्या दृष्टीनेही नव्हती, पण तो विषय संग्रहशास्त्रात येत नाही.)

डिसेंबरात मुक्ता बाळाला घेऊन आठवडाभर माहेरी आली आणि एका संध्याकाळी घराजवळच्या कपूरथळा बाजारात मेथी घ्यायला गेली. सब्जीवाल्या रामबरनने जुडी तिच्या हातात देत मोठ्या आपुलकीने विचारलं, "बिटिया, मुन्नी का पेट अब साफ होता है ना? अजवाइन का पानी दीजिए."

"आपको किसने बताया, भैया?"

"हम डॉक्टर साहब के फ्रेंड हैं ना," रामबरन म्हणाला आणि पुरावा म्हणून त्याने फोन दाखवला. रुचिराच्या फोटोखाली त्याने अंगठाही दिलेला होता.

घरी येऊन मुक्ताने पिशवी ओट्यावर आपटली. "बाबा, सब्जीवाले को मेरी बेटी की पॉटी का पता है! अब एक भी फोटो बाहर गई ना, तो मैं भेजना बंद कर दूँगी. आपको भी."

'आपको भी' हे दोन शब्द दिनकररावांना पुरेसे होते. अल्बम त्यांनी तिच्या डोळ्यांदेखत पुसून टाकला. एखादा साधा आजोबा यानंतर 'बरं बाई' म्हणून गप्प बसला असता. पण दिनकरराव साधे आजोबा नव्हते, ते माजी विभागप्रमुख होते. त्यांनी समिती नेमली.

कौटुंबिक छायाचित्र गोपनीयता समितीचे अध्यक्ष दिनकरराव स्वतः होते आणि सदस्य हेमाताई. (त्या पहिल्या बैठकीला मटार सोलत हजर राहिल्या. दुसऱ्या बैठकीपर्यंत मटार संपले होते.) समितीने प्रथम अध्यक्षांच्या ४१२ फेसबुक मित्रांची छाननी केली. त्यात प्रत्यक्ष ओळखीचे ९४ निघाले, कुठल्याशा परिषदेत एकदा शेजारी बसून जेवलेले १३०, फुलांचे फोटो बघून आलेले १७१, दिवंगत १६ आणि सब्जीवाला १. दिवंगतांपैकी कोणीही आजवर एकही फोटो पुढे पाठवलेला नसल्यामुळे समितीने त्यांना सर्वांत विश्वासार्ह गटात ठेवलं.

मग अकरा पानांचं धोरण तयार झालं. त्यात फोटोंच्या तीन श्रेणी होत्या. पहिल्या श्रेणीतले कोणालाही दाखवावेत (उदा. रिकामा पाळणा). दुसऱ्या श्रेणीतले फक्त घरात बघावेत. तिसऱ्या श्रेणीतले कुणालाही दाखवू नयेत, आणि चुकून बघितले गेल्यास बघितले नाहीत असं म्हणावं. कलम सात विशेष दूरदृष्टीचं होतं: विश्वासाबद्दल शंका असल्यास बाळाचा चेहरा झाकून फोटो देता येईल. मुक्ताने हैदराबादहून हे सगळं वाचलं की नाही कोण जाणे, पण तिने उत्तरादाखल अंगठा पाठवला. सकाळचे दोन फोटो येतच राहिले आणि दिनकरराव सुखात होते.

पण पुसलेल्या अल्बममधले फोटो लोकांनी त्याआधीच आपापल्या फोनमध्ये उतरवून घेतले होते. ते पुढे जाऊ नयेत याचा बंदोबस्त करायला हवा होता. दिनकररावांनी परिपत्रक लिहिलं आणि लखनौतल्या मराठी मंडळाच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर टाकलं. ग्रुपात १८७ सभासद होते. 'आमच्या नातीचे फोटो गोपनीय असून ते कोणीही कोणास पाठवू नयेत.' इतकं स्वच्छ परिपत्रक त्यांनी नोकरीतही काढलं नव्हतं.

अर्ध्या तासात मंडळाचे सचिव उल्हास खरे यांचा फोन आला.

"दिनकरराव, परिपत्रक मिळालं. पण कोणते फोटो पाठवायचे नाहीत, ते कसं ओळखायचं? अहो, माझ्या फोनमध्ये निम्म्या मंडळाची नातवंडं आहेत. सगळी एकसारखीच दिसतात यार. काही नमुना वगैरे जोडा ना."

हा मुद्दा बिनतोड होता. परिशिष्टाशिवाय आदेश म्हणजे चिठ्ठीशिवाय रोप. दिनकररावांना आपली चूक मनापासून लागली, आणि त्यांनी ती दुपारभर बसून सुधारली. सुधारित परिपत्रक 'परिशिष्ट अ'सह निघालं. परिशिष्टात रुचिराचे सेहेचाळीस फोटो होते, टबातल्या आंघोळीसकट, आणि ओळख पटवण्यात कुणाचा घोटाळा होऊ नये म्हणून प्रत्येकाखाली नाव, ठिकाण, अधिवास, तारीख, संकलक आणि शेरा होता. वर तांबड्या अक्षरांत 'गोपनीय' लिहिलेलं होतं. सगळं पाठवून झाल्यावर त्यांनी चष्मा पुसला आणि हेमाताईंना म्हणाले, "आता कुणाला संशयाला जागा नाही."

मंडळाने परिपत्रकाची अंमलबजावणी फार मन लावून केली. तेलीबागच्या कांताताईंनी ते आपल्या नागपूरच्या बहिणीला पाठवलं, कारण तिच्याकडे यांतला एखादा फोटो असला तर तिलाही कळायला हवं होतं. बहिणीने तेवढ्याच जबाबदारीने ते भिशीच्या ग्रुपवर टाकलं. सूचना जितक्या लोकांपर्यंत जाईल तितकी गोपनीयता वाढते, हे कुणालाच समजावून सांगावं लागलं नाही. पाचव्या दिवशी हैदराबादला ऑफिसच्या कँटीनमध्ये पलीकडच्या टेबलावरच्या एका मुलीने मुक्तापुढे फोन धरला. "देख, कितनी क्यूट बेबी है! किसी को भेजना मत हाँ, कॉन्फिडेन्शियल है."

मुक्ता फोनवर ओरडली नाही. ओरडली असती तर बरं झालं असतं. ती इतकंच म्हणाली, "बाबा, आपने तो कैटलॉग छाप दिया."

दुसऱ्या दिवशी साडेसहाला दिनकरराव फोन घेऊन बसले. सात वाजले, आठ वाजले, चहावर साय धरली. फोनवर उल्हासरावांचं 'सुप्रभात' तेवढं आलं. असे एकोणीस दिवस गेले. विसाव्या दिवशी त्यांनी जुन्या सवयीने एक चिठ्ठी लिहिली: 'नाव: दिनकर. अधिवास: खुर्ची. शेरा: पूर्ण वाळलेला, तरी शहाणा नाही.' मग ती समोर धरून ते रडले.

"मी मूर्ख आहे, हेमा."

"आहात," हेमाताई त्यांच्या पाठीवर हात ठेवत म्हणाल्या. "पण त्याचं परिपत्रक काढू नका."

हेमाताईंनीच मुक्ताला काहीतरी सांगितलं असावं. एकविसाव्या दिवशी फोटो आले, दोन, नेहमीच्या वेळेला. कलम सातनुसार. रुचिराच्या चेहऱ्यावर एक पिवळा, गोल, हसरा चेहरा चिकटवलेला होता. धोरण आपलंच असल्यामुळे दिनकररावांना तक्रार करायची सोय नव्हती. पुढचे सात महिने त्यांनी नात त्या पिवळ्या गोळ्याच्या कडेकडेने वाढताना पाहिली. तिचे कान त्यांना पाठ झाले. डाव्या कोपरावरचा तीळ त्यांनी हेमाताईंच्याही आधी शोधला. दोन दात आल्याचं मुक्ताने खाली लिहिलं, तेव्हा वरचा गोळा तोंड मिटून हसत होता.

दिवाळीला मुक्ता आली. लखनौच्या अमौसी विमानतळावर दिनकरराव आणि हेमाताई तासभर आधी जाऊन उभे राहिले. दार सरकलं आणि मुक्ताच्या कडेवर रुचिरा दिसली, चेहऱ्यासकट. दिनकररावांचा हात सवयीने खिशातल्या फोनकडे गेला. तो हात त्यांनी रिकामाच बाहेर काढला आणि दुसऱ्या हाताने पाठीमागे धरून ठेवला. मुक्ताने ते पाहिलं. तिने मुलगी त्यांच्याकडे दिली, त्यामुळे त्यांना दोन्ही हात पुढे आणावेच लागले. ती कशी दिसत होती, आजोबांना पाहून तिने काय केलं, हे दिनकररावांनी आजतागायत हेमाताई सोडून कुणालाही सांगितलेलं नाही, आणि हेमाताई तर शेजारीच उभ्या होत्या.

आता ती नेमकी दिसते तरी कशी, असं ज्या वाचकाच्या मनात आलं असेल, त्याने फार लांब जाऊ नये. परिशिष्ट अ अजून फिरतं आहे. आपला फोन उघडावा आणि कुठल्याही ग्रुपात थोडं मागे जावं. तिथे टबात बसलेलं एक बाळ सापडेल. ते कुणाचं आहे तुम्हाला ठाऊक नाही, त्याच्या आईला कुणी विचारलेलं नाही, आणि त्याच्याखालचा लाल बदाम तुम्हीच पाठवलेला आहे.