मनिरामभाऊंच्या वाट्याची डिक्शनरी

मनिरामभाऊंनी सायकलला कधी सायकल म्हटलं नाही. माझी सायकल मागायला आले की म्हणायचे, "मास्तर, वेलोसिपीड देता काय जरा?" मी कोंढ्याच्या शाळेत इंग्रजी शिकवायचो, तरी हा शब्द मला घरी जाऊन शोधावा लागला. जुनी सायकलच निघाली.

कारण साधं होतं. सायकलचं सी हे अक्षर त्यांच्या थोरल्या भावाच्या मालकीचं होतं.

त्यांचे वडील एका गोऱ्या साहेबाकडे खानसामा होते. साहेबानं देश सोडताना त्यांना एक जाडजूड डिक्शनरी देऊन टाकली. पुढे वडील गेले आणि दोघा भावांची वाटणी निघाली. धानाच्या बांध्या वाटल्या, बैल वाटले, घराच्या मधोमध भिंत आली. डिक्शनरी मात्र दोघंही सोडेनात. शेवटी पंच वैतागले आणि त्यांनी विळ्यानं तिचे दोन तुकडे केले. ए ते एल बकारामदादांना, एम ते झेड मनिरामभाऊंना. मी पंचाहत्तरच्या सुमारास गावात आलो तेव्हा दोघांचं बोलणं बंद होऊन आठ वर्षं झाली होती.

माझ्या मते धाकट्याला वाटा झकास मिळाला होता. क्यू, एक्स, झेड अशी नाठाळ अक्षरं सगळी त्यांच्याकडे. वशिंडवाल्या बैलाला इंग्रजीत झीबू म्हणतात हे वाचल्यापासून ते "चाल रे झीबू" म्हणून बैल हाकायचे, आणि बैल ऐकायचाही. गावभरच्या बातम्या हुंगत फिरणाऱ्या सरपंचाला ते 'क्विडनंक' म्हणायचे. अर्थ तोच होता, पण ही काहीतरी पदवी असावी असं समजून सरपंच खूश असायचा.

एकदा मी त्यांना शाळेतली अख्खी डिक्शनरी देऊ केली. त्यांनी हातसुद्धा लावला नाही. दुसऱ्याच्या वाट्यात हात घालणारा मी नव्हे, म्हणाले. मला खरं सांगायचं तर रागच आला. भिंतीपलीकडे सख्खा भाऊ खोकतो आहे आणि हे मला झायलोफोनचा अर्थ समजावून सांगताहेत!

मग एका भाद्रपदात बकारामदादांना तापानं धरलं. आठ दिवस ताप उतरेना. पवनीच्या डॉक्टरांनी टायफाईड सांगितला. शाळेतून येताना मी ही बातमी मनिरामभाऊंच्या कानावर घातली.  ते डिक्शनरीचा आपला तुकडा काखेत मारून उठले.

"चला मास्तर. हा शब्द माह्या वाट्यातला हाये. दादाले त्याचा अर्थ कोन सांगन?"

वहिनी दारातून मुकाट्यानं बाजूला झाल्या. दादा खाटेवर पडले होते, पार वाळून गेलेले. काहून आला, एवढंच त्यांनी विचारलं. टायफाईडचा टी माह्याकडं हाये, असं उत्तर मिळालं. दादा थोडे सरकले आणि खाटेवर जागा झाली.

मनिरामभाऊंनी पान काढलं, ओळीवर बोट ठेवलं आणि मराठीत अर्थ सांगायला लागले. लंबा चालणारा ताप. पेज द्यावी, दूध द्यावं. जवळ घरचं माणूस बसून राहिलं तर रोगी हमखास उठतो.

मी त्यांच्या खांद्यावरून पाहत होतो. छापलेली ओळ एकच होती: एक संसर्गजन्य ताप, पुष्कळदा प्राणघातक.

"असं छापलं हाये?" दादांनी विचारलं.

"छापलं हाये," मनिरामभाऊ म्हणाले आणि त्यांनी पुस्तक मिटलं.