गळतीखालचं ऑर्किड

विमलनं पाण्याची घागर पडवीत आदळली, तेव्हाच मार्तंडरावांनी ओळखलं की आज जेवताना धडगत नाही.

"आडाचा तळ दिसायला लागला. गाळ निवळून पाणी आणते मी, आणि तुम्ही ते त्या कांद्याला पाजता," ती म्हणाली.

कांदा म्हणजे आण्णासाहेबांचं ऑर्किड. मराठवाडा मुंबई राज्यात गेला आणि तुळजापूरच्या कचेरीत हे नवे साहेब आले. त्यांच्या मेव्हण्यानं दार्जिलिंगच्या चहामळ्यातून हे झाड पाठवलेलं. कुंडीला चहूबाजूंनी भोकं, आत माती नाहीच, नुसता कोळसा आणि शेवाळ, त्यावर हिरवे गोल कांदे. साहेब रजेवर निघताना कुंडी मार्तंडरावांच्या हाती देऊन म्हणाले, मुळं सदा ओली ठेवा, पण पाण्यात बुडवू नका. सावली हवी, वारा हवा, गारवा हवा. वैशाखात, तुळजापुरात गारवा! हे सांगताना माणसाची जीभ कशी रेटली, देव जाणे. वर हसत हसत हेही सांगितलं, की दूरच्या ईट गावातल्या रिकाम्या जागेवर कुणाला पाठवायचं ते रजेवरून आल्यावर बघू.

मार्तंडरावांची आई इथल्या वैद्याच्या औषधावर उभी होती आणि मुलगी इथल्या शाळेत. झाड गेलं की बिऱ्हाड ईटला, एवढं कळायला कारकुनाला वेळ लागत नाही.

ओलं पोतं गुंडाळून पाहिलं, ते दुपारपर्यंत पापडासारखं वाळलं. मग त्यांना गळती आठवली. वैशाखात महादेवाच्या पिंडीवर टांगतात ते बुडाला बारीक भोक असलेलं तांब्याचं भांडं माळ्यावर पडून होतं. त्यांनी पडवीत तिवई उभी केली, गळती टांगली, खाली परातीत वाळू पसरून तीवर कुंडी ठेवली आणि ऊन लागू नये म्हणून तिला धुवट धोतर गुंडाळलं. थेंब थेंब पाणी पडू लागलं. मार्तंडराव स्वतःवर इतके खूश झाले, की गळतीखाली काय असतं हे साऱ्या गावाला ठाऊक आहे, याचा त्यांना विसर पडला.

सकाळी दूध घालायला नागूबाई आली. तिनं बघितलं, डोक्यावर पदर घेतला आणि मापभर दूध सरळ कुंडीत ओतलं. "बाई, म्हादेव बसवला आन आमाला सांगितलं बी न्हाय?" असं विमललाच तिनं खडसावलं. संध्याकाळपर्यंत सारी गल्ली लोटली. आडावर पोहऱ्यापोहऱ्यासाठी एकमेकींच्या झिंज्या उपटणाऱ्या बाया इथं मात्र कळशी उपडी करत होत्या. त्यावर दही, मध, हळद, कुंकू, बेलाचा ढीग.

मार्तंडराव कचेरीतून आले आणि त्यांच्या तळपायाची आग मस्तकात गेली. हे झाड आहे, साहेबांचं झाड आहे, कुजेल ते, असं ते घसा फुटेस्तोवर सांगत राहिले.

नागूबाई शांतपणे म्हणाली, "झाड असू द्या की. वडात देव हाय, पिंपळात हाय, मग ह्यातच न्हाय व्हय? आन गळती तुमी लावली, आमी न्हाय."

मार्तंडराव जास्तच चिडले आणि त्यांनी गळतीला हात घातला. तर विमलच आडवी आली. वैशाखात लावलेली गळती मधेच उतरवलेली तिच्या घरात चालणार नव्हती. काल जो कांदा होता, त्याचे आज महादेव झाले होते!

चार दिवसांनी त्यांनी बेल बाजूला सारून कांद्यावर बोट टेकवलं. बोट आत गेलं. आंबलेल्या दह्याचा भपकारा आला. मार्तंडरावांना इतका संताप आला की डोळ्यांत पाणी उभं राहिलं. आईला बैलगाडीत घालून ईटला न्यावं लागणार, हे त्यांना स्पष्ट दिसलं. त्यांनी बेल पुन्हा होता तसा रचला.

साहेब आले ते वैशाख सरायच्या आत, आणि पत्नी चारुशीलाबाईंसह. "कुठंय माझं ऑर्किड?" असं विचारत ते पडवीत शिरले. मार्तंडरावांनी बोट दाखवलं. साहेबांचे कान लाल झाले. ते बेल उपसायला वाकले, तोच चारुशीलाबाईंनी चपला काढून हात जोडले.

"हात लावू नका," त्या म्हणाल्या. "लोकांनी पुजलंय. आता ते आपलं राहिलं नाही."

साहेबांनी एकदा बायकोकडे पाहिलं, एकदा दारात जमलेल्या गल्लीकडे. तेवढ्यात नागूबाईनं परातीतलं तीर्थ पुढं केलं. ते साहेब प्याले. चेहरा पूर्ववत व्हायला बराच वेळ लागला. मग ते दात आवळून म्हणाले, ईटला दुसऱ्याला पाठवतो, तुम्ही इथंच राहा आणि याचं सगळं बघा.

मार्तंडराव सुटले, असं सगळ्यांना वाटलं. पण वैशाख सरला तशा बाया यायच्या थांबल्या, आड आटला, आणि पाऊस काही येईना. चारुशीलाबाई मात्र दर सोमवारी येऊन गळती वाहते का ते बघून जात. विमलनं हात वर केले होते. तेव्हा कुजक्या मुळांसाठी लांबच्या विहिरीवरून पाणी आणायचं काम साहजिकच ज्यानं गळती लावली त्याच्याकडे आलं.

एका सोमवारी मार्तंडरावांनी घागर वाटेतच खाली ठेवली आणि तडक कचेरीत साहेबांपुढं उभे राहिले. "साहेब, मला ईटला पाठवा. आईला मी खांद्यावर घेऊन जातो."

आण्णासाहेबांनी मान वर केली. गाल बसले होते.

"जागा भरली, मार्तंडराव," ते म्हणाले. "नाहीतर मीच गेलो असतो. हिनं मलाही सोमवारचे उपास धरायला लावलेत. आमच्याकडं आता सोमवारी पाणीसुद्धा मिळत नाही."