जोडवर्गातलं एकत्रीकरण

मल्लिनाथ सरांनी जोडवर्ग सुरू केला तो मुलांच्या हितासाठी, असं शाळेच्या फलकावर ठळक अक्षरांत लिहिलेलं आहे. फलकावर खोटं लिहू नये असं सरच मुलांना सांगतात. त्यामुळे तिथून जाताना ते हटकून दुसरीकडे बघतात.

खरं कारण एवढंच होतं की सरांना बायको बघायची होती.

बायको म्हणजे धनलक्ष्मी बाई. सर सोलापुरात शुक्रवार पेठेत राहायचे आणि स्कूटरवरून शहराबाहेरच्या एका खेड्यातल्या शाळेवर जायचे. बाई अकलूजच्या पलीकडे, उसाच्या पट्ट्यातल्या शाळेवर होत्या आणि तिथेच गोजाबाई नावाच्या घरमालकिणीकडे खोली घेऊन राहायच्या. लग्न झाल्यापासून यांचा संसार शनिवारी दुपारी सुरू व्हायचा आणि रविवारी संध्याकाळच्या एसटीला संपायचा. त्यातला निम्मा कपडे धुण्यात जायचा. पती-पत्नी एकत्रीकरणाखाली बदली मिळावी म्हणून बाईंचा अर्ज वर गेलेला होता, आणि वर गेलेल्या अर्जाचं पुढे काय होतं ते खाली कुणालाच कळत नाही.

फोन नव्हता का, असं कुणी विचारेल. होता ना. पण "जेवलात का?" "जेवलो. तू?" "जेवले." एवढं झालं की दोघंही दमलेली असायची. पलीकडून गोजाबाई "जावयबापूंस्नी माजा नमस्कार सांगा" म्हणून ओरडायच्या आणि बोलणं तिथेच आटपायचं. सरांना ही दमलेली बायको नको होती. त्यांना हवी होती अध्यापक विद्यालयातली धनलक्ष्मी. खडूनं बोटं पांढरी झालेली, एकेका उदाहरणावरून त्यांच्याशी कडाकडा भांडणारी, आणि पाठ चांगला जमला की स्वतःच खुश होऊन हसणारी. तिच्याबरोबर एकदा तरी वर्ग घ्यावा, ती शिकवत असताना मागे बसून नुसतं बघावं, एवढीच त्यांची हौस होती. आठवण आली की सरांना शिकवता शिकवता मध्येच पाणी प्यावं लागायचं.

शाळेत मोठा टीव्ही आला होता, पण त्याच्यावर बहुतेक वेळ त्याचं कव्हरच दिसायचं. सर एक दिवस मुख्याध्यापक रामहरी सरांपुढे जाऊन उभे राहिले.

"सर, दोन शाळांची पाचवी मिळून एकच वर्ग करायचा. टीव्हीवर ती मुलं आपल्याला दिसतील, आपण त्यांना. प्रत्येक गटात निम्मी मुलं इथली, निम्मी तिथली. फळासुद्धा एकच, टॅबवरून दोन्हीकडनं लिहायचा. मुलं एकमेकांकडून शिकतील."

"झ्याक हाय की. आन दुसरी शाळा कुठली म्हणायची?"

"आहे एक. अकलूजकडची."

"अकलूजकडची," रामहरी सर चष्मा पुसत म्हणाले. "असंल, असंल. करा सुरू."

जोडवर्ग सुरू झाला. पहिल्या दिवशी सर इस्त्रीचा शर्ट घालून गेले. पडद्यावर अकलूजकडची पाचवी उगवली आणि कॅमेऱ्यावर अशी तुटून पडली की नाकं आणि दात यांपलीकडे काही दिसेना. तासाच्या शेवटी गर्दी जरा हलली तेव्हा सरांना बाईंचं डावं कोपर दिसलं. दुसऱ्या दिवशी वेणीचं टोक दिसलं. तिसऱ्या दिवशी सरांनी आवाजात शक्य तेवढा सरकारी कोरडेपणा आणला.

"मॅडम, जरा मधोमध येता का? फळा नीट दिसत नाही."

"सर, फळा तर चांगला दिसतोय की!" पहिल्या बाकावरचा पृथ्वीराज मदतीला धावला. "बाईच दिसनात."

वर्ग हसला. पलीकडचाही हसला, फक्त थोडा उशिरा, कारण आवाज पोचायला वेळ लागायचा.

पण गंमत अशी की वर्ग चालायला लागला. पाण्याचा धडा निघाला, तेव्हा पलीकडची सृष्टी म्हणाली, "आमच्याकडं कॅनॉलचं पाणी हाय, म्हनून ऊस." त्यावर पृथ्वीराज उठून म्हणाला, "आन आमी हितं ज्वारीवर बसलोय. म्हंजी आमच्या वाटणीचं बी तुमीच पिताय व्हय?" भांडण पेटलं. बाई म्हणाल्या, "भांडू नका, काढून दाखवा." मग त्या एकाच फळ्यावर दोन्हीकडून बोटं फिरायला लागली. इकडून विहीर, तिकडून कॅनॉल, कुणी मध्येच म्हैस काढली, कुणी ती पुसली. तास संपला तेव्हा पाणी कुठून येतं आणि कुठं मुरतं याचं चित्र तयार होतं, आणि ते नेमकं कुणी काढलं हे कुणालाही सांगता येत नव्हतं. सर मागच्या बाकावर बसून बघत होते. बाईंचा नुसता आवाज येत होता, पण तो जुना आवाज होता. सरांना फार बरं वाटलं आणि त्याहून जास्त वाईट वाटलं.

पुढच्या आठवड्यात आहाराचा धडा आला. "उदाहरण म्हणून मल्लिनाथ सरच सांगतील," पडद्याआडून बाई म्हणाल्या, "काल रात्री त्यांनी काय खाल्लं."

सरांना घाम फुटला. दोन शाळांसमोर खोटं बोलणं जमेना. "चहा... आणि चिवडा."

"परवा?"

"चिवडा. आणि चहा."

पलीकडे बाईंनी खडू टेबलावर आपटल्याचा आवाज आला. तो आवाज सरांना चांगला माहीत होता. मुलांनी मात्र सरांचं जेवण हे गटाला दिलेलं काम म्हणून मनावर घेतलं. सामायिक फळ्यावर 'सर' अशी एक ओळ तयार झाली आणि तिच्यापुढे अकलूजच्या पोरांनी लाल फुली मारली. दुसऱ्या दिवशी सोलापूरच्या पोरांनी घरून कडक भाकरी, शेंगाची चटणी आणि डाळकांदा आणला. पुरावा हवा म्हणून सरांना कॅमेऱ्यासमोर बसून खावं लागलं.

"सर, सावकाश चावून खावा," सृष्टीनं पलीकडून बजावलं. सर मुकाट्यानं चावू लागले. रोज कुणाच्या ना कुणाच्या घरून डबा येऊ लागला, लाल फुल्या गेल्या आणि सरांच्या पँटची बटणं तक्रार करायला लागली.

रामहरी सरांनी कौतुकानं ही हकिकत मास्तरांच्या बैठकीत सांगितली, आणि तिथे घात झाला. आधी शेजारची शाळा बघायला आली. तिलाही जोडून घ्यायचं होतं. मग तिची शेजारीण आली. बघता बघता पडद्याचे चौकोन चौकोन झाले. प्रत्येक चौकोनात एक वर्ग, एक पंखा आणि "आवाज येतोय का?" म्हणणारे एक गुरुजी. त्या गर्दीत अकलूजचा चौकोन पोस्टाच्या तिकिटाएवढा उरला. आधी निदान कोपर तरी मोठं दिसायचं, असं सरांच्या मनात यायचं.

तरी ते धीर धरून होते. "कामाचं चीज होईल," ते फोनवर म्हणायचे. "एवढं नाव झालंय. अर्ज मंजूर व्हायलाच पाहिजे."

"होईल ना हो?" बाई विचारायच्या.

"होणारच."

आणि एक दिवस शिक्षण खात्याचे खुद्द मोठे साहेब शाळेवर आले. जोडवर्ग बघितला, टाळ्या वाजवल्या, सरांच्या हातात नारळ दिला आणि प्रेमानं विचारलं, "सर, काही अडचण असंल तर सांगा."

सरांनी वर्षानुवर्षं घोकलेलं वाक्य एका दमात म्हटलं, "साहेब, मिसेसचा अर्ज आहे. पती-पत्नी एकत्रीकरण."

"असं व्हय? मिसेस कुठं असतात?"

"अकलूजकडं. त्या पडद्यावरच्या बाई."

साहेबांचा चेहरा एकदम उजळला. "अरे वा! म्हंजी हे दोन वर्ग चालवणारे तुमी दोघं नवरा-बायको?"

"हो साहेब."

"रोज बरोबरच शिकवता?"

"रोज."

"एकाच वर्गात?"

"एकाच," सर अभिमानानं म्हणाले. आपल्या पायावर आपणच धोंडा पाडून घेतोय हे त्यांच्या ध्यानात आलं नाही.

"मग अजून किती एकत्र व्हायचं ओ?" साहेब दिलखुलास हसले. "इथं एकाच शाळेतली नवरा-बायको दिवसदिवस बोलत न्हाईत, आन तुमी रोज एका फळ्यावर! ज्यांची खरंच ताटातूट झालीया त्यांस्नी आधी देऊ. आन बाईंस्नी हिकडं आणल्यावर जोडायचं कुणाला? एवढा चांगला उपक्रम मोडायचा व्हय?"

साहेब मनानं चांगले होते. त्यांना खरोखरच या जोडप्याचं भलं झाल्यासारखं वाटत होतं. सर नारळ हातात घेऊन ते गेलेल्या वाटेकडे बघत राहिले.

संध्याकाळी सरांनी सगळं फोनवर सांगितलं.

"बंद करू," सर म्हणाले.

"काय?"

"जोडवर्ग. तो बंद केला की आपण एकत्र नाही. मग साहेबांना काही बोलायला जागाच उरणार नाही."

"आणि मुलांना काय सांगायचं? टीव्ही बिघडला म्हणून?"

"खरं ते सांगू."

सोमवारी बाकीच्या शाळांना सुट्टी देऊन फक्त हे दोनच वर्ग जोडले. सरांनी घसा साफ केला आणि खरं ते सांगितलं. बाईंची बदली व्हायला हवी, त्यासाठी जोडवर्ग थांबायला हवा, हा शेवटचा तास. बोलून झाल्यावर त्यांना वाटलं मुलं गलका करतील. पण दोन्हीकडची मुलं नुसती पडद्याजवळ सरकली.

मग पृथ्वीराज उठला. "सर, तुमचं दोघांचं एकत्रीकरण हाय. आमचं?"

"तुमचं कसलं एकत्रीकरण?"

"मी, सृष्टी, आमचा समदा गट की. आमी एकमेकांस्नी कवा बघायचं? आमी अर्ज कुणाकडं द्यायचा?"

"व्हय सर," पलीकडून सृष्टीचा आवाज आला. तो रडवेला होता. "आमी तर अजून भेटलो बी न्हाई."

एवढे दिवस त्यांना वाटत होतं की वाट बघणारे आपण एकटेच.

"मॅडम," ते शेवटी म्हणाले, "तुम्ही बंद करा."

"नाही सर, तुम्ही करा."

"तुम्ही आधी."

"माझ्यानं नाही होणार. तुम्हीच करा ना."

दोन्ही पाचव्या श्वास रोखून हे बघत राहिल्या. कुणीच बंद करेना. तेवढ्यात जेवणाची सुट्टी झाली, खिचडीचा वास आला आणि मुलं ताटल्या घेऊन पळाली. पलीकडचीही पळाली. पडद्यावरची सगळी डोकी नाहीशी झाली आणि रिकाम्या वर्गात खुर्चीवर बसलेली धनलक्ष्मी सरांना पहिल्यांदा पूर्ण दिसली. थोडी वाळली होती. बोटं खडूनं पांढरी होती.

"री," ती म्हणाली. घरात ती त्यांना कानडीतून अशीच हाक मारायची, पण वर्गात कधी नाही. "जेवून घ्या. बंद मग करू."

तिनं आपला डबा उघडला. सरांनी पोरांनी आणलेलं भाकरीचं फडकं सोडलं. दोघं समोरासमोर बसून जेवायला लागली. चटणी चांगली झाली होती, म्हणून सरांनी भाकरीचा तुकडा मोडला, त्यावर चटणी घेतली आणि सवयीनं हात पुढे केला. तो टीव्हीच्या काचेला लागून थांबला. तिनंही हात अर्धा उचलला होता. दोघं हसली, पण त्या हसण्याला धीर नव्हता.

दारात रामहरी सर उभे होते. त्यांच्या कानाला फोन होता.

"व्हय साहेब," ते हळू आवाजात म्हणाले. "जोडवर्ग चालू हाय... बघतोय की, माझ्या समोरच हाईत... व्हय, एकत्रच जेवायला बसल्यात."

पलीकडे साहेब मोठ्यानं, समाधानानं हसल्याचं ऐकू आलं.

"न्हाई साहेब, हसू नका," रामहरी सर म्हणाले. "घास पोचंना."