निघोज्याच्या घाटात ज्योतीरामची मोटार

ज्योतीरामनं मोटार करायचं ठरवलं ते एका रविवारी, अंघोळीचं पाणी तापेपर्यंतच्या वेळात. बंबाखाली लाकडं धुमसत होती, तो पंचा गुंडाळून पायरीवर बसला होता आणि आत त्याची बायको सुमन शेजारच्या रतनबाईंना सांगत होती, "ह्या दिवाळीलाबी मला कुणी न्यायला येणार न्हाई बघा." आवाजात तक्रार नव्हती, हेच वाईट होतं. तक्रार असती तर ज्योतीरामनं सरळ भांडण काढलं असतं (त्यात तो तरबेज होता) आणि विषय मिटला असता. पण ती नुसतं सांगत होती.

सुमनचं माहेर निघोज्याचं. पिंपळे गुरवातून सकाळी निघालं तर जेवायला पोचावं एवढं जवळ. पण तिचे वडील चिमाजी म्हणजे बैलगाड्यांच्या शर्यतीतलं बडं नाव, आणि त्यांचा रागही त्याच मापाचा. लग्नात त्यांनी जावयाला गोठ्यातलं सगळ्यात देखणं खोंड दिलं होतं. ज्योतीराम बार्शीकडून पिंपरीच्या कारखान्यात पत्रेकामाला आलेला, दोन खोल्यांचा भाडेकरू. त्यानं भर मांडवात हात जोडून विचारलं, "मामा, ह्याला बांधू कुठं? कारखान्याच्या गेटाला?"

सगळा मांडव हसला. चिमाजी हसले नाहीत. खोंड परत गोठ्यात गेलं आणि सासऱ्याचं जावयाशी बोलणं बंद झालं. लेकीला न्यायला मुराळीसुद्धा आला नाही. बोलावणं नाही तर जायचं नाही, असं सुमनही धरून बसली. शेवटी ती चिमाजींचीच लेक.

"सुमन," ज्योतीराम पायरीवरूनच ओरडला, "तुझ्या वडलांना शर्यतीबिगर काही दिसत नाही ना? मग मी शर्यतीतच उतरतो."

"बैल कुठायत?"

"बैल कशाला? मोटार करतो. घरी! जत्रेला निघोज्याच्या घाटात पळवतो. तुझे वडील तोंडात बोट घालतील."

निघोज्याचा घाट म्हणजे गावाबाहेरची चढाची मोकळी पट्टी, जत्रेत बैलगाडे तिच्यावरून पळतात. मोटार तिच्यावर कधी कुणी नेली नव्हती. सुमननं बंबात डोकावून पाहिलं आणि म्हणाली, "पाणी तापलंय. आधी अंगावर घ्या."

पण ज्योतीरामच्या डोक्यात शिरलेलं पाण्यानं उतरणारं नव्हतं. त्यानं भंगारवाल्याकडून लष्कराची बाद झालेली एक छोटी विलायती मोटार मिळवली. इंजिन जुनं, दम्याच्या म्हाताऱ्यासारखं खोकत चालणारं, पण चालणारं. अंगावरचा पत्रा मात्र पार चाळणी. तो सगळा उचकटून टाकला आणि रस्त्याच्या कामावरची डांबराची रिकामी पिंपं आणून ती फाडायला, ठोकायला सुरुवात झाली. कारखान्यातून सुटला की ज्योतीराम अंगणात ऐरणीपुढं बसायचा. त्या दणदणाटानं रतनबाईंची म्हैस पान्हा चोरू लागली.

"पोरा," रतनबाई कुंपणावरून म्हणाल्या, "मोटार कवा व्हायची ती व्हईल, माजी म्हस आटली की रं!"

"मावशी, शर्यत मारली की पहिली फेरी तुम्हाला."

"मला नको बाबा. म्हशीला फिरव."

आता मुख्य अडचण मापाची. कारखान्यातल्या साहेबाच्या टेबलावर ज्योतीरामनं एका इंग्रजी मासिकात शर्यतीच्या गाडीचं चित्र पाहिलं होतं. तिच्यात हाकणारा माणूस असा बसलेला, जणू गाडी त्याच्या अंगावरच शिवली आहे. वारा आत शिरता कामा नये, हे त्यातलं मर्म (असं त्यानं चित्रावरूनच ठरवलं. इंग्रजी त्याला येत नव्हतं). पण स्वतः आत बसून बाहेरून पत्रा ठोकणं त्याला जमेना. एका हातात खडू, दुसऱ्या हातात हातोडा, आणि माप घ्यायचं ते अंग आत.

"सुमन, जरा बस गं आत."

सुमन चुलीवरची भाकरी उतरवून, पिठाच्या हातानं आत बसली. चाक हातात धरलं. त्यानं तिच्या खांद्याजवळ खडूची रेघ ओढली, कोपराजवळ ओढली, पाय पुढं कुठवर पोचतात ते पाहिलं आणि पायाखालच्या क्लच-ब्रेकच्या पट्ट्या तिथं आणून बसवल्या. मग हे रोजचंच झालं. संध्याकाळी ती आत बसायची, तो बाहेरून पत्रा वळवायचा, आणि दोघांच्या गप्पा व्हायच्या. चाकं अधांतरी राहतील अशी मोटार विटांवर टेकवून इंजिन चालू केलं की तो ओरडायचा, "डावा दाब! आता गिअरचा दांडा पुढं घे! सोड हळू!" आणि ती दाबायची, घ्यायची, सोडायची. लग्न झाल्यापासून एवढा वेळ दोघं एका जागी कधी बसले नव्हते. ते दिवस फार छान गेले, आणि त्या छानपणात एक साधी गोष्ट ज्योतीरामच्या लक्षातच आली नाही.

सुमन होती काडी. आणि तो स्वतः? सोपानराव हा त्याचा कारखान्यातला जोडीदार. तो म्हणायचा, "ज्योतीराम, तू दारातून आलास की खोलीत संध्याकाळ होते."

निदान रंग दिल्यावर तरी त्यानं एकदा बसून पाहायचं. तो पाय टाकणारच होता. पण सुमन आडवी आली.

"आवं, नारळ फोडल्याबिगर बसायचं नसतं! गावच्या देवापुढं फोडू, मग बसा."

"आणि तू रोज बसत होतीस ते?"

"तवा ती मोटार कुठं होती? तवा नुसता पत्रा व्हता."

ज्योतीरामनं उचललेला पाय खाली घेतला. सोपानरावानं ओळखीची ट्रक आणली, मोटार तिच्यावर चढवली आणि मंडळी जत्रेच्या दिवशी निघोज्यात दाखल झाली. सुमन ट्रकमधून उतरली ती डोळ्यांनी वडलांनाच शोधत. चिमाजी घाटाच्या वरच्या टोकाला फेटा बांधून उभे होते, जिथं पळत आलेले बैल धरायला अनुभवी माणसं उभी राहतात. त्यांनी मोटार पाहिली, लेक पाहिली आणि मान वळवली. सुमननं पदर तोंडाला लावला. ज्योतीरामला वाटलं, आता ही मोटार वर पोचली नाही तर आपण पिंपरीला परत कुठल्या तोंडानं जायचं?

बैलगाडे पळून झाले. देवापुढं नारळ फुटला, मोटारीला हळदकुंकू लागलं. कर्णेवाल्यानं कर्ण्यातून पुकारा केला, "आता चिमाजी पाटलांचं जावई, पिंपरीचं ज्योतीराम, मोटार पळवणार! लोकांनी लांब व्हावं!"

ज्योतीरामनं चारी दिशांना नमस्कार केला आणि मोटारीत उजवा पाय टाकला. तो गेला. डावा टाकला. तो गुडघ्यापर्यंत गेला. मग त्यानं बूड टेकायचा प्रयत्न केला आणि मधेच अडकला, ना खाली ना वर. सोपानरावानं खांदे दाबले. त्यानं श्वास सोडला, पोट आत घेतलं, देवाचं नाव घेतलं. पत्रा करकरला, पण हलला नाही. पक्कं काम होतं, स्वतःच्याच हातचं.

"पाव्हणं," कर्णेवाला अख्ख्या जत्रेला ऐकू जाईल असं म्हणाला, "आत चाललाय का भायेर येताय?"

लोक हसून हसून एकमेकांच्या अंगावर पडले. चौघांनी ओढून त्याला बाहेर काढलं तेव्हा त्याचं धोतर आतच राहता राहता वाचलं. तो तोंड पाडून मोटारीला टेकला. "सुमन, चुकलंच माझं. सगळं वाया गेलं."

सुमननं त्याच्याकडं पाहिलं, मग वरच्या टोकाकडं. पदर कमरेला खोचला.

"वाया कसं जाईल? माज्या मापाची हाय ती. व्हा बाजूला."

तो काही म्हणायच्या आत ती आत बसली. पत्रा तिच्या अंगाला असा लागला की मधे बोट शिरू नये. डावा दाबला, दांडा पुढं घेतला, हळू सोडला. मोटार एकदा खोकली आणि सुटली! धूळ उडाली, जत्रा उठून उभी राहिली, कर्णेवाला पुकारायचं विसरला. ज्योतीराम मागनं धावत होता आणि ओरडत होता, "दांडा! दांडा मागं!" पण ऐकायला कोण होतं?

वरच्या टोकाला उभे असलेले लोक पांगले. चिमाजी हलले नाहीत. आयुष्यभर सुटलेले बैल धरलेला माणूस तो. हात पसरून मोटारीपुढं उभे ठाकले आणि गरजले, "हो! हो! हो रं राजा!"

सुमननं दोन्ही पाय होत्या नव्हत्या त्या पट्ट्यांवर रोवले. मोटार त्यांच्या छातीजवळ येऊन हिसक्यानं थांबली आणि बंद पडली. चिमाजींनी दोन्ही हातांनी पुढचा पत्रा घट्ट धरला होता, शिंगं धरावीत तसा. धाप लागली होती आणि डोळ्यांतून पाणी वाहत होतं.

"पोरी," ते म्हणाले, "हिची येसन कुठंय गं?"

"हिला येसन नसती, आबा."

"मग तू हाकलीस कशी?"

"शिकवलं ह्यांनी."

चिमाजींनी फेट्याच्या शेमल्यानं डोळे पुसले. "चल घरला. तुजी आय वाट बघून थकली."

पण मोटार काही केल्या सुरू होईना. चिमाजींनी आपली बैलजोडी आणली, दोर बांधला, कासरा हातात घेतला. सुमन आत चाक धरून बसली. वाजंत्री पुढं झाली, अर्धी जत्रा सोबत निघाली. ज्योतीराम धुळीनं माखलेला, एका बाजूला हात चोळत उभा होता. तेव्हा चिमाजींनी मागं वळून पाहिलं आणि लग्नानंतर पहिल्यांदा त्याच्याशी बोलले.

"जावईबापू, बघताय काय? मागनं रेटा की!"

त्या एका 'जावईबापू'वर ज्योतीराम निघोज्याचा डोंगरसुद्धा रेटत गेला असता. त्यानं खांदा लावला. सरळ वाट, पुढं खिलारी जोडी, तरी मोटार जागची हलायला बघेना. तो कण्हत, घामानं निथळत, मधेच सासऱ्याकडं बघून हसत दारापर्यंत पोचला आणि ओट्यावर आडवा झाला. सासूबाईंनी लेकीवरून भाकरतुकडा ओवाळून टाकला. सुमन त्याच्याजवळ येऊन बसली, चेहरा नुसता फुललेला.

"लई दमलात व्हय?" तिनं पदरानं त्याचा घाम पुसला. "मोटार आबांच्या बैलांच्या पायावर जाईल म्हनून मी समद्या वाटंनं बिरेक दाबून बसले व्हते."