सुंद्राबाईसाहेबांच्या दहा चिंचोक्यांची हकीकत

श्रीकुलस्वामिनीस स्मरोन, घडले ते न वाढविता लिहितो. शके सोळाशे बासष्ट, रौद्रनाम संवत्सरी, भाद्रपदमासी, एके राज्यी (नाव लिहिण्याची आज्ञा नाही) श्रीमंत जगदेवराव राज्य करीत असता राणी सुंद्राबाईसाहेब अंथरुणास खिळल्या. त्या दरबारचा रिवाज ऐसा की, सिंहासनासमोर 'नाही' म्हणू नये, अशुभ. मग आशा थोडी असता 'बहुधा' म्हणावे आणि मुळीच नसता 'कदाचित' म्हणावे. राजे याच बोलीत थोर जाहले, परंतु तिचा खरा अर्थ त्यांस कोणी सांगितला नव्हता. त्यांणी त्रिंबकभट वैद्यांस पुसिले, बाईसाहेब दिवाळी पाहतील काय, आणि वैद्य कदाचित म्हणाले, आणि राजांनी निम्मी आशा धरिली, आणि किल्ला राखावयाच्या मोहिमेस डेरे बाहेर काढविले, आणि महाली येऊन दिवाळीस परततो म्हणोन सांगितले. बाईसाहेब साध्या नाइकाची लेक, दरबारी बोलीत वाढल्या नव्हत्या. त्यांणी जा म्हटले. मग राजांचे मुख पाहोन मन पालटले, आणि सारीपाटाचे दहा चिंचोके मागविले, आणि वैद्यांस बोलावून पुसिले की, दहांत तुमच्या कदाचितचे किती? राजांनी आपले पाच मांडिले. वैद्यांनी हात जोडिले.

बाईसाहेब म्हणाल्या, "भटजी, तोंडाने बोलू नका, म्हणजे रिवाज राहील. नुसते मांडा."

मग वैद्य पाचांतून एकेक उचलीत गेले, आणि एक उरला, आणि त्यांची मान वर होईना.

राजे बाईसाहेबांस म्हणाले, "तुम्हांस ठाऊक होते?"

"होते."

"मग जा का म्हणालात?"

"डेरे निघालेले. थांबता का पुसावे, तर तुम्ही कदाचित म्हणाला असता." आणि हसोन म्हणाल्या, "एक आहे की अजून. अगदीच रिता पाट नव्हे."

राजांनी डेरे परत आणविले. सरदार म्हणाले, किल्ला कदाचित राहील. राजे म्हणाले, जाईल म्हणा. आणि मग महाली बसोन बाईसाहेबांची वेणी घालीत, आणि बाईसाहेब म्हणत, घोड्यास खरारा करता की काय, आणि पुन्हा डोके पुढे करीत. आश्विन वद्य नवमीस बाईसाहेब

(येथे ओळ कोरी सोडिली.)

एकूण हकीकत इतकी की, किल्ला गेला. राजे उशाशी होते, बाईसाहेब एकट्या गेल्या नाहीत.