सहा कार्ब्युरेटर आणि एक झाडू

शुक्रवारी सकाळी डेल यार्नेलने तिन्ही कार्ब्युरेटर एकदमच खोलले आणि तिथेच माशी शिंकली. पेट्रोल खरं तर फक्त मधल्यातून गळत होतं. पण तेवढा एकच खोलला असता, तर शेजारचा वेंडेल म्हणाला असता, बघा, मधल्यातच खोट आहे.

डेलची फोर्ड बत्तीस सालची. छत काढलेली, इंजिनावर ओळीने तीन कार्ब्युरेटर, तिन्ही सत्त्याण्णव नंबरचे, असं तो छातीठोकपणे सांगे. वेंडेलच्या मते मधला अरुंद घशाचा, हलका, एक्क्याऐंशी नंबरचा होता. आणि वेंडेलचं म्हणणं खरं होतं. तिसरा सत्त्याण्णव मिळेना, म्हणून डेलने एक्क्याऐंशीवरचा आकडा कानशीने घासून टाकला होता. हे त्याने बायकोला, आर्लीनलाही कळू दिलं नव्हतं.

दुसऱ्या दिवशी सुकलेल्या तळ्यावर जुन्या गाड्यांच्या क्लबचा मेळावा. क्लबचा नियम जुना आणि निर्दय होता. गाडीने स्वतःच्या जोरावर यायचं. दोर लावून आणावी लागली, तर तिच्या मागे टांगलेली क्लबची ओतीव पाटी ओढून आणणाऱ्याची. डेलचे दात गेले तेव्हा तो हसला होता, पण पाटी गेली असती तर त्याला अन्न गोड लागलं नसतं.

आर्लीनच्या चिलीच्या, म्हणजे खिमा-राजम्याच्या रश्श्याच्या पातेल्यात, लिंबाच्या रसात उकळून त्याने सगळे भाग टेबलावर टॉवेल पसरून मांडले. तेवढ्यात वेंडेल डोकावला. खरा सत्त्याण्णव कसा असतो ते दाखवतो, म्हणत त्याने आपल्या गाडीचेही तिन्ही काढून आणले, तिथेच खोलले आणि त्याच रसात उकळले. तासाभरात परत जोडू, असा त्याचा हिशेब होता. मग दोघे भांडत बसले.

मेळाव्याची चिली आर्लीनकडे होती. टेबल रिकामं करा, असं तिने बऱ्याच वेळा सांगितलं. मग टॉवेलची चारही टोकं धरली आणि सगळा संसार घमेल्यात ओतला.

जेट, स्क्रू, झाकणं सगळी एकात एक झाली. घासूनपुसून चकचकीत झालेले सहा सांगाडे तर सख्ख्या भावंडांसारखे दिसत होते. चारांवर सत्त्याण्णव कोरलेलं होतं. दोन बोडके होते.

"माझ्यावरचा आकडा झिजलाय. पण आहे सत्त्याण्णवच," डेल म्हणाला.

"माझ्यावरचाही," वेंडेल म्हणाला, आणि त्याचे कान लाल झाले.

आर्लीनने कोपऱ्यातला झाडू आणला. त्याचा दांडा चार घशांतून आरपार गेला. दोन्ही बोडक्यांत अडकला.

"हे दोन्ही तुझे," डेलने ठणकावलं.

"माझे? तुझे."

"तुम्हाला सत्त्याण्णव हवेत सहा आणि आहेत चार," आर्लीन म्हणाली. "एकेक बोडका उचला आणि जोडा. मला कांदे चिरायचेत."

उचलला की गाडी सुरू, पण उचलणं म्हणजे कबुली. डेलने हाताची घडी घातली. ते पाहून वेंडेलनेही घातली.

शनिवारी आर्लीनची पिकअप चिलीचं पातेलं घेऊन निघाली. तिला दोराने डेलची गाडी बांधलेली, डेलच्या गाडीला वेंडेलची. डेल राजासारखा ताठ बसला होता. वेंडेलला मी ओढून आणलं, सबब त्याची पाटी माझी, असा दावाही त्याने तळ्यावर पोचताच केला. अध्यक्षांनी तो ऐकून घेतला आणि दोन्ही पाट्या आर्लीनच्या हातात ठेवल्या. मग बिघडलं काय, असं विचारलं.

"काही नाही," दोघे एका सुरात म्हणाले. "सहाही सत्त्याण्णव आहेत."

संध्याकाळी परत दोर बांधताना वेंडेल हळूच जवळ आला. "डेल, एक तू घे, एक मी घेतो. कुणाला कळणार नाही. गाड्या सुरू ठेवू, आणि कधीतरी तिची पिकअप बंद पडली की ओढून आणू. पाट्या परत आपल्या."

डेलने पिकअपच्या मागे लटकणाऱ्या दोन पाट्यांकडे पाहिलं.

"आधी तू उचल," तो म्हणाला.

पाट्या अजून आर्लीनच्या पिकअपवरच आहेत, आणि ती पिकअप काही बंद पडत नाही. झाडू मात्र डेलने गॅरेजमध्ये कुलूप लावून ठेवला आहे.