तेविसावं बटण

सदानंद रेडेकरांकडे पाडलेल्या घरांची एकशे बारा बटणं होती, आणि सगळी चालू होती. मिरजेत कुठं घर पाडायला घेतलं, की हा निवृत्त वायरमन स्क्रूड्रायव्हर घेऊन हजर. काळं गोल बटण काढायचं, घरी आणून फळीवर बसवायचं. वायर जोडायची भानगडच नव्हती. बटण दाबलं, की ते ज्या घरातून आलं तिथं दिवा लागायचा. घर नसलं तरी लागायचा. लोकांना हा छंद जरा वेडगळ वाटे, एवढंच.

तेविसावं बटण त्यांच्या स्वतःच्या जुन्या स्वयंपाकघराचं. ते घर रस्तारुंदीत गेलं, आणि त्याच्या वर्षभर आधी त्यांच्या पत्नी सुलभाताई गेल्या. आता रोज तिन्हीसांजेला रेडेकर ते बटण दाबत नि हात जोडत. तिकडे रस्त्याच्या मधोमध, डोक्याच्या हातभर वर, पिवळा उजेड पडे. पाच मिनिटांत बटण आपलं आपण खट्ट करून वर होई. सुलभाताईंची सवयच तशी. रेडेकर दिवे लावत सुटायचे आणि त्या कुरकुरत मागून बंद करत यायच्या. त्या एका खट्टसाठी रेडेकर अख्खा दिवस काढत.

एका संध्याकाळी वीज कार्यालयातून मुजावर मॅडम आल्या.

"काका, तेवीस नंबर तोडायचाय. त्या घराचा मीटर अजून फिरतोय. माणूस राहत नसेल तर घरगुती जोडणी ठेवता येत नाही."

"राहतंय की माणूस. आमची ही आहे."

"तसं दिसलं पाहिजे."

रेडेकरांनी बटण दाबलं. मॅडम घड्याळ बघत खुर्चीत बसल्या. पाच मिनिटं झाली, दहा झाली, बटण काही हललं नाही. रेडेकर फळीजवळ वाकले. आजच कशी रुसली ही?

"माझा इलाज नाही, काका." मॅडमनी पिशवीतून पक्कड काढली.

"चहा तरी घ्या आधी," रेडेकर कसेबसे म्हणाले. घाईत साखर ओट्यावर सांडली. कप मॅडमच्या हातात देताना त्यांना एकदम उमगलं.

"अहो, पाहुणं बसलेलं असताना ती कधी दिवा घालवायची नाही. तुम्ही चहा संपवा आणि उंबऱ्याबाहेर जाऊन बघा."

मॅडमना ते पटलं. त्यांनी चहा संपवला, "येते" म्हणाल्या आणि बाहेर पडून एक चप्पल पायात सरकवली.

खट्ट.

मॅडमनी दारातच फॉर्म उघडला. 'राहणाऱ्या व्यक्ती'पुढं 'एक' लिहिलं. खाली सही केली. रेडेकर डोळे पुसत होते, म्हणून मॅडमनी त्यांच्याकडे बघितलं नाही.

पक्कड आत राहिली होती. ती घ्यायला मॅडमनी पुन्हा उंबऱ्याच्या आत पाऊल टाकलं, तसं बटण आपलं आपण खाली झालं.

"बसत नाही हो काकू," मॅडम म्हणाल्या, "अजून दोन घरं करायचीत."